गंगावन नको

माझ्या लेकीची मूठ उघडली की आत माझे केस सापडायचे. तिला चौथा महिना लागला होता. दूध पिता पिता ती माझी वेणी धरून ठेवायची, झोप लागली की पकड सैल व्हायची, आणि मी तिचं एकेक बोट उलगडून त्यात गुंतलेले केस सोडवत बसायचे. बोटाभोवती केस आवळला तर बोट लाल होतं, म्हणून हे काम टाळून चालायचं नाही. सुरुवातीला दोन-चार केस निघत. मग झुपकाच निघायला लागला.

पुढे पुढे केस सगळीकडेच दिसू लागले. उशीवर, दुपट्यात, न्हाणीच्या जाळीत, झाडूच्या टोकाला. एकदा नवऱ्याच्या वरणात सापडला. बिचाऱ्याने तो गुपचूप ताटाच्या कडेला लावला आणि जेवत राहिला. त्याच्या त्या समजूतदारपणाचाच मला जास्त राग आला. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्या रागातूनच घडलं.

शिवाय माझे केस हा माझ्या एकटीचा मामला नव्हता. माझं माहेर भिवंडी शहरातलं, घरात सगळे शिक्षक, नाहीतर कारकून. मीही शाळेत शिकवते. लग्न केलं ते भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका घरात. शेती आणि खाडी यांवर वाढलेलं घर, ज्यांच्या भातखाचरांवर आता गोडाऊनं उभी आहेत. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं, त्यामुळे दोन्हीकडे तोंडं जरा वाकडीच होती. पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रंग, उंची, शिक्षण, कशावरच काही बोलल्या नाहीत. निघताना मी पाठ वळवली आणि मागून आवाज आला, "पोरीचं केस बाकी बघन्यासारखं हायेत."

तेव्हा माझी वेणी कमरेखाली जायची. या घरात मी वेणीला धरून शिरले, असं मी मैत्रिणींना गमतीने सांगायचे. चौथ्या महिन्यात त्या गमतीतली गंमत गेली. भांग रुंद होत चालला, कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकल्या, आणि ज्या एका गोष्टीमुळे त्या बाईने मला पसंत केलं होतं ती गोष्ट रोज केरात जायला लागली. मला रडू यायचं, हे खरं आहे. न्हाणीत नळ सोडून रडायचे.

(सासूबाईंनाही मी आईच म्हणते. पण इथे दोन आया झाल्या तर वाचणाऱ्याचा घोळ होईल.)

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. आईने काही म्हणता काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा, अंगाला तेल लावायला रोज येणारी बाई, खाटेखाली ओव्या-वावडिंगाची शेगडी. तिसरा महिना सरता सरता मी पूर्ण्याला आले आणि केस गळायला लागले. झालं, दोन्ही घरांना एकमेकांवर ढकलायला आयतं निमित्त मिळालं. आई फोनवर म्हणायची, "माझ्याकडे होतीस तोवर एक केस हलला नव्हता. तिथलं बोअरचं पाणी वाईट." सासूबाई म्हणायच्या, "माहेराला डोक्याला फडका नीट बांदला न्हाय. वारं गेलाय डोक्यान." मग त्या माझ्या पुढ्यात निवट्यांचं कालवण ठेवायच्या. खाडीच्या चिखलातली ही मासळी बाळंतिणीला चांगली, असं इथल्या बायका मानतात. मी वरण-भातावर वाढलेली, पण लेकीसाठी आणि केसांसाठी तेही शिकले. शेजारची एक काकू तर म्हणाली, पोरीचं दूध तोड, केस आपोआप थांबतील. तिला मी असं काही उत्तर दिलं की ती बरेच दिवस आमच्या ओट्यावर फिरकली नाही.

नवऱ्याने आपल्या परीने तोडगा काढला. आमचं एक गोडाऊन ऑनलाइन माल विकणाऱ्यांना भाड्याने दिलेलं आहे. तिथून तो कांद्याचं तेल, तांदळाच्या पाण्याचा शाम्पू, कसलंसं सीरम असे खोकेच्या खोके घेऊन आला. त्यात एका बाटलीवर माक्याचं चित्र होतं. सासूबाईंनी बाटली हातात घेतली, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि हसत सुटल्या. "आमच्या बांदावर माका उगवायचा. ढोरा खायाची. आता तिथंच बाटलीन भरून ठेवलाय." देशभरातल्या केसगळतीची औषधं आमच्या शेतात रचून ठेवलेली होती, आणि शेतमालकाची सून टकली होत चालली होती. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

त्याच सुमाराला नणंदेचं लग्न ठरलं. मुहूर्त पुढच्या माघातला. घरात आनंदीआनंद झाला आणि मी मात्र आरशापुढे जाऊन उभी राहिले, त्याचं कारण अग्रफूल.

आंबाड्यात खोचायचं हे सोन्याचं फूल. आमच्या घरातलं जुन्या घडणीचं आहे, चांगलं तळहाताएवढं आणि जड. घरात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी मोठ्या सुनेने ते माळायचं आणि नवरदेवाला किंवा नवरीला पहिली हळद लावायची, ही या घरची रीत. सासूबाईंच्या सासूने ते माळलं, सासूबाईंनी माळलं, आता पाळी माझी. आणि माझा आंबाडा लिंबाएवढा झाला होता. दार लावून मी एकदा ते खोचून पाहिलं. मान जराशी हलवली तर फूल आंबाड्यासकट मानेवर घसरलं.

सासूबाईंच्या हे लक्षात आलंच असणार. एके दिवशी त्या आणि नणंद साड्या बघायला निजामपुऱ्याच्या बाजारात गेल्या. परत आल्यावर सासूबाईंनी साड्यांच्या आधी एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात ठेवली. आत गंगावन. उसन्या केसांची लांबलचक, काळीभोर शेपटी, आपल्या केसांत गुंफून आंबाडा मोठा दाखवायची.

"चांगल्यातला आनलाय," त्या म्हणाल्या. "हलदीला लाव. कोनाला कलायचं न्हाय."

ओटीवर नवऱ्याच्या दोन आत्या बसलेल्या. त्यांनी माना वळवल्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मला त्या पिशवीत फक्त एकच गोष्ट दिसली, की केस गेले तशी माझी किंमतही गेली.

"गंगावन नको," मी म्हणाले. "हळदीला मी माझ्याच केसांवर फूल लावीन. नाही राहिलं तर फुलाशिवाय हळद लावीन. पण दुसऱ्या बाईचे केस डोक्यावर घेऊन बसणार नाही."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पिशवी माझ्या हातातून घेतली, कपाटात ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. त्यांचा पदर तसाही कधी डोक्यावरून ढळत नसे, घरात नाही की चारचौघांत नाही. जुन्या वळणाच्या आहेत, असं मी समजायचे. त्या भांडल्या नाहीत याचं मला नवल वाटलं, पण तेव्हा मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते.

तोरा उतरायला संध्याकाळ पुरली. बोलून तर बसले, आता निभवायचं कसं? माझी आई गुडघ्यांसाठी एका वैद्यबाईंकडे जाते, तिने मला तिथे नेलं. जुन्या वस्तीतला माडीवरचा दवाखाना, खाली कापड विणणारे लूम. लूम चालू असले की वरचं बाकडं बारीक थरथरतं. लेकीला ते फार आवडलं, ती मांडीवर लगेच झोपली. शेजारी बुरख्यातली एक वयस्कर बाई सुनेला घेऊन आलेली. तिने माझ्या भांगाकडे बघितलं, मग लेकीकडे.

"बच्चा माँ को पहचानने लगता है ना, तब बाल जाते हैं," ती म्हणाली. "मेरे तो हर बच्चे पे गए. फिर आ गए. टेन्शन मत लो."

सासूबाईही हेच म्हणायच्या, की पोर आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. त्या बाईच्या तोंडून ऐकताना मात्र पहिल्यांदा बरं वाटलं. लेक ओळखते आहे आणि केस जाताहेत, तर सौदा काही अगदीच वाईट नव्हता.

वैद्यबाई कमी बोलणाऱ्या होत्या. नखं पाहिली, जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला सांगितलं. म्हणाल्या, "गरोदरपणात जे केस गळायचे थांबले होते, ते आता एकदम गळताहेत. बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. मी काही दिलं नाही तरी येतील."

"मग मी इथे कशाला आले?"

"येईपर्यंत तू वेडी होऊ नयेस म्हणून," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या उत्तराने मी त्यांची झाले. खोटी आशा देणारा माणूस मला चालत नाही. रक्त थोडं कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. दुधातून शतावरी कल्प आला. दूध तोडायचा विचारही करायचा नाही, हे त्यांनी माझ्या आईसमोर बजावलं. तिळाची चटणी, नाचणी, खजूर, साजूक तूप आणि वेळेवर जेवण. ओले केस विंचरायचे नाहीत, घट्ट बांधायचे नाहीत, शाम्पूऐवजी शिकेकाई-आवळ्याचं पाणी. आठवड्यातून दोनदा कोमट तेल, तेही बोटांच्या पेरांनी, रगडून नाही. "ताजा माका मिळाला तर तेल घरी करा," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझ्याकडून न्या."

घरी करा म्हटल्यावर सासूबाई बाटली कशाला आणू देतात? पण दिवस वैशाखाचे. माका पाणथळ जागी वाढतो, आणि तेव्हा बांध कोरडे ठणठणीत. नवरा म्हणाला, मी आणतो. संध्याकाळी तो गोणीभर हिरवागार पाला घेऊन हजर. शेजारच्या दापोडे गावातल्या एका गोडाऊनच्या गेटाशी टँकरच्या पाण्यावर जोपासलेली बाग आहे, तिथे माळ्याने नुकतीच कापणी केलेली. जमिनीलगत पसरणारं, खरखरीत पानांचं रोप. सासूबाईंचा चष्मा खुंटीवर होता. त्यांनी पान चुरगळून हुंगलं, म्हणाल्या, "माकाच हाय." मी फोनवर चित्र पाहिलं, मलाही माकाच वाटला. घरातली सगळी माणसं कामाला लागली. वाटलं, गाळलं, मोठ्या कढईत खोबरेलात आटवलं. घरभर उग्र वास. तेल हिरवंगार झालं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत बसलो.

दुसऱ्यांदा लावलं त्या रात्री डोक्याला खाज सुटली ती थांबेना. वैद्यबाईंकडे पाला नेला तर त्यांनी एकच विचारलं, "याला फुलं कोणत्या रंगाची येतात?"

नवऱ्याला फोन लावला. "पिवळी," तो म्हणाला. "मस्त पिवळीधमक."

"माक्याची पांढरी असतात," वैद्यबाई म्हणाल्या. "ही गेटाजवळ लावायची शोभेची वेल आहे. हे तेल डोक्याला लावू नकोस."

ते तेल फेकवेना. नवऱ्याने आमच्या गोडाऊनच्या शटरला घातलं. आजही ते शटर लोण्यासारखं उघडतं आणि उघडताना प्रत्येक वेळी तो मला हाक मारून दाखवतो. सासूबाईंना मात्र ही चूक फार लागली. जन्म बांधावर गेला आणि माका ओळखला नाही, असं त्या स्वतःशीच पुटपुटत राहायच्या. मी वैद्यबाईंकडचं तेल लावू लागले. खाज गेली, झोप लागू लागली, पण गळायचं तसंच चालू होतं.

पावसाळा जुना झाला, भात लावून झालं, तेव्हा एका सकाळी सासूबाई कोयता घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चल. पोरीला पन घे."

खाडीकडचा एक तुकडा त्यांनी आजवर विकू दिलेला नाही आणि त्याच्यावर भरावही टाकू दिलेला नाही. तिथे जायला गोडाऊनच्या कंपाउंडला चिकटून जावं लागतं. कंटेनर रिव्हर्स घेताना बीप बीप करत होते, लेक प्रत्येक आवाजाला माझ्या कडेवर उसळत होती. भिंत संपली आणि भात दिसलं. बांधाच्या उतारावर, पाण्याच्या कडेला, पांढऱ्या बटणांसारखी बारीक फुलं. सासूबाईंनी एक रोप उपटलं, पाला माझ्या तळहातावर चोळला आणि म्हणाल्या, "बघत राव."

आधी हिरवा डाग होता. बघता बघता तो काळपट झाला, मग काजळासारखा काळा.

"ह्यो खरा माका. गेटावरचा नुसता हिरवाच रायला असता. तवा चोलून बघाला पायजे होता, पन याद राहिली न्हाय."

त्या बांधावर बसल्या. मी उभीच होते. कुणी विचारलेलं नसताना त्या बोलायला लागल्या, भाताकडे बघत.

"माजं पन असंच झालंतं. तुज्या नवऱ्याच्या वक्ताला. डोक्यान केस न्हवतंच. दिराची हलद निगाली, सासूनं फूल खोचलं. हलद लावाला वाकले नि फूल सुटून परातीन परलं. हलदीन. बायका हासल्या गो. पार मांडवाच्या भाईरपावत हासल्या. सासू सगल्यांसमोर बोलली, हिला फूल पेलत न्हाय." त्यांनी पदर चाचपला. "तवापास्ना डोक्यावरचा पदर काडला न्हाय मी. केस आलं नंतर. पन पदर न्हाय काडला."

लेक खाली वाकून फुलांकडे हात पसरत होती.

"म्हनून आनलं गंगावन," त्या म्हणाल्या. "तुना कोनी हासाला नको."

कपाटातली ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढे आली. अपमान म्हणून मी जी नाकारली होती, ती त्या बाईने दिराच्या हळदीतलं ते हसणं आठवून माझ्यासाठी आणलेली ढाल होती. माझे डोळे भरून आले आणि मी लेकीच्या टोपीत तोंड लपवलं.

"आता तरी लावशील?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आता तर मुळीच नाही. आता फूल माझ्याच केसांवर राहायला पाहिजे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "डोक्यान केस न्हायत, पन मस्ती हाय."

त्या दिवसापासून तो हट्ट माझ्या एकटीचा राहिला नाही. फूल पडलं तर दोन सुनांचं पडणार होतं.

तेल करायला माझी आईही आली. दोघी विहिणी पहिल्यांदाच एका चुलीशी बसल्या. खोबरेल की तिळाचं यावर वाजलं. आई म्हणाली तिळाचंच, सासूबाई म्हणाल्या आम्ही खोबऱ्याशिवाय काही ओळखत नाही. शेवटी निम्मं निम्मं घातलं. माक्याचा रस, आवळा, ब्राह्मी, सगळं लोखंडी कढईत मंद आचेवर. पाणी आटलं की नाही हे बघायला आईने खालचा गाळ चिमटीत घेऊन वात वळली आणि विस्तवावर धरली. तडतडली. म्हणजे पाणी आहे. पुन्हा ढवळा. सासूबाई ढवळून थकल्या की आई, आई थकली की मी. शेवटी वात मुकाट जळली आणि दोघींनी एकदमच "झालं" म्हटलं. त्यानंतर घरच्या पाण्याला किंवा माहेरच्या फडक्याला कुणी दोष दिल्याचं मला आठवत नाही.

तेल मात्र सासूबाईच लावायच्या. मी भिंतीला टेकून लेकीला पाजायचे, त्या मागून बोटं फिरवायच्या. सुरुवातीला त्यांच्या बोटांना केस लागत, ते त्या माझ्या नकळत पदरात पुसायच्या. मला कळायचं. मग एक दिवस कळलं की त्यांनी बराच वेळ हात पुसलेला नाही.

गणपतीच्या सुमाराला कपाळाच्या कडेने बारीक, ताठ केस उभे राहिले. आरशात मी वेडीविद्री दिसायचे. पाणी लावा, तेल लावा, बसत नसत. शाळेत पोरं विचारायची, "बाई, तुम्ही कटिंग केलं?" सासूबाईंनी चष्मा लावून भांग पाहिला आणि नवऱ्याला हाक मारली. "आरं, रोप आलाय बघ हिच्या डोक्याव." भाताचं रोप उगवलं तरी त्या याच आवाजात सांगतात.

त्याच दिवसांत लेकीचं जावळ काढलं. गुळगुळीत डोक्याची ती आणि केसांचं कुंपण घेऊन मी, अशा आम्ही दोघी मायलेकी एकदमच केस वाढवायला लागलो. घरात पैज लागली कोण पुढे जातं त्याची. श्रेयावरून तर अजूनही भांडण चालू आहे. सासूबाईंचा माका, आईचे अळीव, वैद्यबाईंचं औषध, आणि नवरा म्हणतो, "माझ्या गोणीनेच तर सुरुवात झाली." वैद्यबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, येतील." मी सगळ्यांना श्रेय देऊन टाकलं. केस माझे होते, तेवढं मला पुरलं.

तरी एक खरं सांगते. माघ उजाडला तेव्हा केस पूर्वीच्या निम्मेच होते. गळणं थांबलेलं, नवे केस कानापर्यंत आलेले, जुने लांब पण विरळ. अग्रफूल पेलेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हळदीच्या दिवशी मांडवात बँड, दारात डीजे, आत धवलारीण लग्नाची गाणी लावून धरून बसलेली. आतल्या खोलीत दोघी विहिणी माझ्या पाठीमागे. आईने नवे केस जुन्यांत मिळवून वेणी घातली, वेणीचा पीळ घट्ट वळला आणि काळ्या सुताने बांधला. सूत लूमवरचं. केस माझे आणि दोरा भिवंडीचा, एवढाच आधार. आंबाडा छोटासा झाला, पण दगडासारखा पक्का. सासूबाईंनी फूल खोचलं. मी मान हलवली. हललं नाही. त्यांचा विश्वास बसेना. गंगावनाची पिशवी त्यांनी कनवटीला खोचून ठेवली, न जाणो म्हणून.

मांडवात बायका दाटीवाटीने बसलेल्या. त्या दोन्ही आत्या पुढेच होत्या. नणंद पाटावर, समोर हळदीची परात. सासूबाई लेकीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी. मी वाकले. गाणं चालू होतं पण मला काही ऐकू येत नव्हतं. सासूबाई परातीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मी बोटं हळदीत बुडवली, नणंदेच्या पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना. प्रत्येक वेळी आणखी वाकावं लागलं. फूल जागच्या जागी.

मी सरळ होत होते तेवढ्यात लेकीला ते चमकणारं काहीतरी दिसलं. सासूबाईंच्या कडेवरून तिने झेप घेतली आणि आंबाडा फुलासकट मुठीत धरला. वर्षभर तिच्याकडे दुसरा धंदाच नव्हता, हात तयार झालेला. तिने सगळा जीव लावून ओढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मान मागे गेली, आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. धवलारीण गाता गाता थांबली.

फूल निघालं नाही. आंबाडा सुटला नाही.

सासूबाईंनी लेकीची मूठ सोडवली. मी सोडवायचे तशीच, एकेक बोट उलगडून. तळवा उताणा केला, त्याच्याजवळ डोळे नेले, बोटांच्या बेचक्यात बघितलं. मग तो इवलासा तळवा त्यांनी वर धरला आणि सगळ्या मांडवाला दाखवला.

"बघून घ्या," त्या म्हणाल्या. "एक केस आला न्हाय."

बायका हसल्या. मोठमोठ्याने हसल्या, पार मांडवाबाहेरपर्यंत, आणि सगळ्यांत मोठ्याने सासूबाई. लेकीच्या झेपेत त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता, आणि पांढरे, दाट केस सगळ्यांना दिसत होते. कुणीतरी त्यांना ते सांगितलंही.

दिवसभर त्यांनी तो वर घेतला नाही.